खिडकीचें गणित

घर बांधतांना मनुष्य भिंतीचा विचार आधीं करतो आणि खिडकीचा मागाहून. विटा किती लागतील, सिमेंटच्या गोण्या किती लागतील, याची चौकशी मालक दहा वेळां करील. परंतु खिडकी जमिनीपासून किती उंचीवर बसवावयाची, हा प्रश्न बहुधा गवंड्याच्या संवयीवर सोडलेला असतो. आणि त्या घरांत राहणाऱ्याचा संबंध मात्र भिंतीपेक्षां खिडकीशींच अधिक येतो. आज मी आपल्याशीं या खिडकीविषयींच चार शब्द बोलणार आहें. इमारतींचे आराखडे आतां संगणकावर तयार होतात, हें आपण जाणतांच. त्या आराखड्यांत खिडकी केवळ रेघांनीं काढीत नाहींत, तर नियमांनीं घडवितात. आणि हे नियम कसे घडवावयाचे, हा माझ्या भाषणाचा विषय आहे. मी अभियंता नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेला आणि आयुष्यभर मुलांना अंकगणित शिकविलेला एक शाळामास्तर आहें. तेव्हां विषयाची मांडणी शाळामास्तराच्या पद्धतीनेंच होईल, याची क्षमा असावी.

माझें वास्तव्य हेमलकसा येथें आहे. आलापल्लीहून साठ-पासष्ट किलोमीटर जंगल ओलांडून आल्यावर भामरागडच्या अलीकडे हें गांव लागतें. बाबा आमटे यांनीं १९७३ च्या डिसेंबरांत येथें लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या कार्यामुळें गांवाचें नांव आपल्या कानांवरून गेलेलें असेलच. भामरागडापाशीं पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या एकत्र येतात. पावसाळ्यांत पर्लकोटेला पूर यावा, वाटेवरचे नाले फुगावे आणि दळणवळण खुंटावें, असें येथें वर्षानुवर्षें घडत आलें आहे. ही गोष्ट मी भूगोलाचा धडा म्हणून सांगत नाहीं. पुण्या-मुंबईस खिडकीची चौकट दोन इंच लहान आली, तर दुसऱ्या दिवशीं ती बदलून आणतां येते. आमच्याकडे ती जूनच्या पहिल्या आठवड्यांत लहान आली, तर दिवाळीपर्यंत लहानच राहते.

याचा अनुभव मीं स्वतः घेतला आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं, मी ज्या शाळेवर होतों तिला तीन नव्या खोल्या मिळाल्या. शाळेचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. नकाशा हातानें काढलेला होता, आणि त्यांत बारा खिडक्या होत्या. प्रत्येक ४ फूट रुंद, ४ फूट उंच, आणि जमिनीपासून ३ फुटांवर. मीं विनंती केली, कीं आमचीं मुलें बाकांवर बसत नाहींत, जमिनीवर पट्ट्या टाकून बसतात. तीन फुटांवरची खिडकी त्यांच्या डोक्यावरून जाते, वारा अंगाला लागत नाहीं. खिडकी एक फूट खालीं घ्यावी. विनंती मान्य झाली. नकाशा काढणारानें दर्शनी बाजूच्या चित्रांत खिडक्या खालीं ओढल्या, भिंतीच्या छेदाच्या चित्रांतही ओढल्या, आणि उंची ४ ऐवजीं ५ फूट लिहिली. परंतु त्याच कागदाच्या कोपऱ्यांत दारें-खिडक्यांचा एक तक्ता असतो, ज्यावरून सुतार चौकटी बनवितो. त्या तक्त्यांत ४ फूट बाय ४ फूट तसेंच राहिलें. गवंड्यानें चित्र पाहून पांच फुटांची जागा सोडली. सुतारानें तक्ता पाहून चार फुटांच्या चौकटी पाठविल्या. ट्रक आला तेव्हां आभाळ भरून आलें होतें.

त्या पावसाळ्यांत बारा खिडक्यांखालीं एकेक फुटाचें भगदाड होतें. आम्ही बांबूच्या तट्ट्या बांधल्या. तरी झड आली कीं पाणी आंत येई, आणि मुलें पट्ट्या उचलून समोरच्या भिंतीला जाऊन बसत. पुढें उन्हाळ्यांत तें भगदाड विटांनीं बुजविण्यांत आलें. म्हणजे खिडकी पुन्हां तीन फुटांवरच गेली, आणि त्या खोल्यांत त्यानंतर शिकलेल्या मुलांना बसल्या जागेवरून आभाळाचा एक तुकडा तेवढा दिसत राहिला. दोष कोणाचा, हें मीं तेव्हां पुष्कळ बोलून दाखविलें. त्या कागदावर पाहिल्याबद्दलची माझी सही होती, आणि तक्ता मीं वाचलेला नव्हता, हें मात्र बोलून दाखविलें नाहीं.

आतां मूळ विषयाकडे येतों. वरच्या हकीकतींत एकच खिडकी तीन ठिकाणीं लिहिलेली होती, आणि तीन ठिकाणीं दुरुस्त करावी लागली. रोगाचें मूळ येथें आहे. यावरील उपाय कांहीं मंडळींना फार पूर्वीं सुचला होता. अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेंत १९६३ सालीं आयव्हन सदरलंड यांनीं 'स्केचपॅड' नांवाची योजना प्रबंधाच्या रूपानें मांडली. तींत पडद्यावर काढलेल्या आकृतीला 'या दोन रेघा समांतर ठेव' असें बजावून ठेवतां येई, आणि मूळ आकृति बदलली कीं तिच्या सर्व प्रती आपोआप बदलत. पुढें १९७५ मध्यें चार्ल्स ईस्टमन यांनीं असें प्रतिपादन केलें, कीं इमारतीचीं निरनिराळीं चित्रें सांठविण्याऐवजीं इमारतीचें वर्णनच एकदां सांठवावें आणि चित्रें त्यांतून काढून घ्यावीं. मग बदल एकाच ठिकाणीं करावा लागेल. २००० सालीं 'रेव्हिट' हा कार्यक्रम बाजारांत आला. 'फ्रीकॅड' हा तर कोणासही विनामूल्य मिळतो, आणि २०२४ च्या नोव्हेंबरांत त्याची १.० ही आवृत्ति प्रसिद्ध झाली. माझा एक जुना विद्यार्थी नागपुरास वास्तुविशारदाच्या कचेरींत काम करतो. गेल्या दिवाळींत तो आपला संगणक घेऊन येथें आला. जवळच्या एका टोल्यावरील मुलांसाठीं अभ्यासिकेची एक खोली बांधावयाची आहे, तिचा आराखडा तो याच फ्रीकॅडवर करीत होता. "गुरुजी, बसा, तुम्हांला खिडकी करून दाखवितों," असें तो म्हणाला, आणि पुढचे चार दिवस मी त्याच्या शेजारीं बसून राहिलों.

पहिली गोष्ट मला कळली ती ही, कीं संगणकाच्या हिशेबीं खिडकी ही एक वस्तु नसून दोन आहेत. एक भिंतींतील पोकळी, आणि दुसरी त्या पोकळींत बसणारी चौकट, झडपा, गज इत्यादि. वेदांत्यांच्या घटाकाशाप्रमाणें या पोकळीला स्वतःचें अस्तित्व आहे! इमारतींची माहिती एका कार्यक्रमांतून दुसऱ्यांत नेण्यासाठीं एक आंतरराष्ट्रीय पद्धति ठरलेली आहे, तिला 'आय. एफ. सी.' म्हणतात. तींतही पोकळीची नोंद वेगळी, पोकळीनें कोणती भिंत कापली ही नोंद वेगळी, आणि ती पोकळी कोणत्या खिडकीनें भरली ही नोंद वेगळी असते. हें शब्दच्छल वाटेल, पण व्यवहारांत याचा उपयोग मोठा आहे. खिडकी भिंतीवर चिकटविलेलें चित्र नसल्यामुळें भिंत सरकविली तर खिडकी तिच्याबरोबर सरकते; खिडकी काढून टाकली तर भिंत आपोआप बुजते; आणि विटांचा हिशेब पोकळी वजा करून येतो.

दुसरी गोष्ट मापांची. एरवीं आपण खिडकी काढतों म्हणजे चार रेघा काढतों. येथें प्रथम रेघा काढावयाच्या नाहींत, तर कांहीं अदृश्य पातळ्या मांडावयाच्या: एक डावीकडे, एक उजवीकडे, एक मध्यावर, एक खालीं, एक वर. गवंडी ओळंबा सोडून दोरी बांधतो, तशाच या दोऱ्या समजा. मग दोन दोऱ्यांमधील अंतराला नांव द्यावयाचें. डावी ते उजवी म्हणजे 'रुंदी'. जमीन ते खालची म्हणजे 'तळाची उंची'. जमीन ते वरची म्हणजे 'माथ्याची उंची'. चौकट, झडपा, गज हें सर्व त्या दोऱ्यांना बांधावयाचें. दोरी हलली कीं लांकूड हललें पाहिजे. नांव दिलेल्या या मापालाच इंग्रजींत पॅरामीटर आणि आपल्या परिभाषेंत 'प्राचल' म्हणतात. बीजगणितांतील क्ष चाच हा भाऊ होय. त्याची किंमत बाहेरून कोणीही ठरवावी, आकृतीनें ती मानावी.

पण नुसतीं नांवें देऊन भागत नाहीं. कोणतें माप स्वतंत्र आणि कोणतें परतंत्र, हें ठरविणें हेंच खरें डोक्याचें काम आहे. खिडकीची उंची, तळाची उंची आणि माथ्याची उंची हीं तीन मापें घ्या. यांपैकीं दोन ठरलीं कीं तिसरें ठरलेंच. तिन्हीं स्वतंत्र ठेवलीं तर संगणक तक्रार करतो, आणि ती योग्यच आहे. मग परतंत्र कोणाला करावयाचें? खोलीभर सर्व दारा-खिडक्यांवरून लिंटेलचा एकच पट्टा ७ फुटांवर जातो, म्हणून माथा अढळ धरला. मुलें जमिनीवर बसतात कीं बाकावर, यावरून तळ ठरतो, म्हणून तो स्वतंत्र ठेवला. राहिली खिडकीची उंची. ती माथ्यांतून तळ वजा करून येते. ३ फुटांचा तळ २ फूट केला, कीं ४ फुटांची खिडकी आपोआप ५ फुटांची होते. माझ्या त्या बारा खिडक्यांचा सगळा अनर्थ या एका वजाबाकींत सांठविलेला होता. त्याचप्रमाणें सुटें लिंटेल घालावयाचें तर त्याची लांबी म्हणजे खिडकीची रुंदी अधिक दोन्हीं बाजूंस सहा-सहा इंचांची टेंक. चार फुटांच्या खिडकीला पांच फूट. हा नियम एकदां लिहिला कीं रुंदी बदलणारानें लिंटेल विसरलें तरी लिंटेल रुंदीला विसरत नाहीं.

असा नियम कोणा साहेबानेंच प्रथम शोधला, असें मात्र कोणी समजूं नये. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत, राजाच्या व सेनापतीच्या घराचें दार केवढें असावें हें सांगतांना ठरीव माप दिलेलें नाहीं. घराची रुंदी जितके हात असेल तितक्यांत तिचाच अकरावा भाग व आणखी ७० मिळवावे. येईल तितकीं अंगुळें दाराची उंची, आणि उंचीच्या निम्मी रुंदी, असा तो नियम आहे. उदाहरणादाखल ८८ हात रुंदीचें घर घ्या: ८८ अधिक ८ अधिक ७०, म्हणजे १६६ अंगुळें उंची आणि ८३ अंगुळें रुंदी. घर वाढलें कीं दार वाढलेंच. सूत्र तेंच आहे. फक्त तें सोडविणारा सुतार पूर्वीं हाडामांसाचा होता.

यापुढची एक खुबी व्याकरणाच्या मास्तराला विशेष आवडण्यासारखी आहे. कांहीं गुण जातीचे असतात आणि कांहीं व्यक्तीचे. 'चार फुटी दुझडपी खिडकी' ही एक जात. तिची रुंदी, झडपांची संख्या, चौकटीची जाडी हे जातीचे गुण. ते एका ठिकाणीं बदलले कीं त्या जातीच्या सर्व खिडक्या बदलतात. परंतु तळाची उंची व्यक्तीचा गुण ठेवावा लागतो; कारण सामानाच्या कोठडीची खिडकी डोक्याच्या वर हवी असते, आणि तळ जातीच्या गुणांत टाकला तर कोठडीची खिडकी वर उचलतांच शेजारच्या वर्गांतल्याही खिडक्या वर जातील. माझ्या विद्यार्थ्यानें ही चूक करून दाखविली. पडद्यावर चार खिडक्या एकदम उडी मारतांना पाहून मला हंसूं आलें. पण न पाहतां कोणी छापून टाकलें असतें, तर हंसण्यासारखें कांहीं राहिलें नसतें.

म्हणूनच खिडकी तयार झाल्यावर ती ताणून पाहावयाची असते. या पायरीचा कंटाळा करणारे पुष्कळ आहेत, असें तो म्हणाला. मापें मुद्दाम वेडीवांकडीं द्यावयाचीं आणि आकृति मोडते कीं काय तें पाहावयाचें. आमची खिडकी ४८ इंच रुंद, चौकटीच्या पट्ट्या व मधला उभा दांडा प्रत्येकीं ३ इंच; म्हणजे ४८ मधून ९ गेले, राहिले ३९, आणि प्रत्येक झडप साडेएकोणीस इंच. हें सर्व सुरेख दिसत होतें. मग रुंदी २४ इंच केली. झडपा साडेसात-साडेसात इंचांच्या व्हावयास पाहिजे होत्या. त्याऐवजीं मधला दांडा उजव्या चौकटींत घुसला. कारण शोधतां असें आढळलें, कीं त्यानें दांडा मध्याच्या दोरीला न बांधतां डावीकडून २४ इंचांवर बांधला होता. ४८ इंचांत ते दोन्हीं एकच. इतर कोणत्याही मापांत एक नव्हेत. शाळेंतही असेंच होतें. उत्तर बरोबर येतें, आणि रीत चुकलेली असते; पुढचें उदाहरण घातल्याशिवाय तें उघडकीस येत नाहीं.

आतां कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? बाजारांत तयार खिडक्यांचे सांठे मिळतात; त्यांतील एक उचलावी आणि भिंतींत बसवावी. आम्हीही प्रथम तसेंच केलें. तयार खिडकीचा तळ ३ फुटांवर होता. कोणातरी दूरच्या शहरांत खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठीं ती केलेली होती, आणि त्या माणसाच्या दृष्टीनें ती उत्तमच असेल. तिची चौकट नऊ इंची विटांच्या भिंतीच्या हिशेबानें बसविलेली. ती अठरा इंची मातीच्या भिंतींत घातली, तर मागें नऊ इंच पोकळी उघडी राहते. पोकळीची खोली भिंतीच्या जाडीवरून घ्यावी, हा साधा नियम तींत नव्हता. वर सज्जा नव्हता. आणि मुख्य म्हणजे जाळी नव्हती.

जाळीची गोष्ट आमच्याकडे गौण नाहीं. महाराष्ट्रांत हिंवतापाचा उपद्रव ज्या भागांत सर्वांत अधिक, त्यांत गडचिरोलीची गणना होते. संध्याकाळीं दिवा लावून मुलें वाचीत बसणार, त्या खोलीच्या खिडकीला डांस अडविणारी जाळी पाहिजेच. परंतु जाळी आंतून कायमची ठोकली, तर बाहेर उघडणारी झडप लावावयास हात बाहेर कसा जाणार? झड आली कीं मुलगा छत्री घेऊन बाहेर पळणार. म्हणून जाळीची स्वतंत्र चौकट आंतल्या बाजूस बिजागऱ्यांवर फिरती ठेवावी लागते, आणि त्यासाठीं चौकटीला खांच अधिक लागते. हें सर्व आम्ही एका होय-नाहींच्या प्रश्नांत बांधलें. 'जाळी: होय' म्हटलें कीं चौकट एका इंचानें जाड होते, जाळीची झडप आंत उगवते, आणि लांकडाच्या तक्त्यांत तिची नोंद पडते. शिवाय जाळीनें वारा कांहींसा अडतो, म्हणून खिडकी थोडी मोठीच धरावी, असें माझें मत पडलें.

केवढी मोठी, याचा हिशेब आम्ही शेवटच्या दिवशीं केला. राष्ट्रीय इमारत संहितेंत खोलीच्या क्षेत्रफळाच्या मानानें खिडक्या किती असाव्या तें सांगितलें आहे: कोरड्या उष्ण हवेंत एक-दशांश, दमट उष्ण हवेंत एक-षष्ठांश, मधल्या हवेंत एक-अष्टमांश, थंड हवेंत एक-द्वादशांश. आमच्या जंगलाला यांतील कोणता आंकडा लावावा, यावर वाद होऊं शकेल; मे महिन्यांत एक वाटेल आणि ऑगस्टांत दुसरा. आम्ही पावसाळा डोळ्यांपुढें ठेवून एक-षष्ठांश धरला. खोली २४ फूट बाय २० फूट, म्हणजे ४८० चौरस फूट. तिचा सहावा हिस्सा ८०. तळ ३ फुटांवर ठेवला तर खिडकी ४ गुणिले ४, म्हणजे १६ चौरस फूट, आणि अशा पांच लागतात. तळ २ फुटांवर आणला तर खिडकी २० चौरस फूट, आणि चारच पुरतात. समोरासमोरच्या दोन भिंतींत दोन-दोन, म्हणजे वारा आरपार. एक चौकट वांचली, आणि जमिनीवर बसलेल्या मुलाच्या तोंडावर वाराही आला. विद्यार्थ्यानें तळाच्या घरांत ३ पुसून २ लिहिलें. दर्शनी चित्रांत खिडक्या उतरल्या, छेदांत उतरल्या, विटांची संख्या कमी झाली, आणि तक्त्यांत ४ च्या जागीं ५ आलें. मला तो क्षण पाहण्यास पुष्कळ वर्षें लागलीं होतीं.

तरीही एक अडचण उरली होती, आणि ती संगणकानें नव्हे, तर शेजारच्या बाईंनीं काढली. त्या दारांतून डोकावून म्हणाल्या, "गुरुजी, दोन फुटांवरून शेळी आंत येईल." बाईंचें म्हणणें खरें होतें. म्हणून गजांमधील अंतर चार इंचांहून अधिक होऊं नये, असा आणखी एक नियम घातला; रुंदी वाढली तर गजांची संख्या वाढावी, अंतर वाढूं नये.

तक्ता छापून झाल्यावर त्यानें तो माझ्यापुढें सहीसाठीं ठेवला. चौकटी चार, ४ फूट बाय ५ फूट, तळ २ फूट, जाळी होय. मीं चष्मा पुसला आणि ओळीवर बोट ठेवून तो शेवटपर्यंत वाचला. दाराच्या ओळींतही 'जाळी: होय' असें पडलेलें होतें, तें नको होतें. तें दुरुस्त करवून मग सही केली, आणि तक्ता आलापल्लीच्या सुताराकडे मार्च महिन्यांतच रवाना झाला.